नकाशात न मावणारा बांध

पेणहून अलिबागला जाताना वडखळ मागे पडते, धरमतरचा पूल येतो आणि मग रस्त्यालगत दूरवर सपाट, करड्या मातीची खाचरे दिसू लागतात. हा खारेपाट. यातली बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. अमावास्या-पौर्णिमेला खाडी फुगते तेव्हा पाणी शेतापेक्षा वर असते आणि दोघांच्या मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे एका मजल्याहून अधिक उंचीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. त्याला अडवण्याचे काम चिखल, दगड आणि माणसांचे हात पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

देशाच्या विकासाचे नियोजन आता पडद्यावर होते. रस्ते, बंदरे, वीजवाहिन्या, जंगले यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहणारी ‘पीएम गतिशक्ती’ यंत्रणा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. सातबारा संगणकावर आला, पिकाची नोंद मोबाइलवर आली, शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांसाठी नीती आयोगाचा निर्देशांक आला. या सगळ्याचा फायदा नाही असे कोणी म्हणणार नाही. तलाठी कार्यालयात उताऱ्यासाठी अर्धा दिवस घालवलेल्या माणसाने तर नाहीच नाही. प्रश्न वेगळा आहे. या पडद्यावर खारेपाटातला तो बांध दिसतो का?

आधी बांधाविषयी. खाडीकाठची दलदल बांध घालून लागवडीखाली आणायची, याला आपल्याकडे खारबंदिस्ती म्हणतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींना ‘शिलोत्री’ हा वेगळा धारा होता आणि बांध राखणाऱ्याला त्यासाठी धान्याचा वेगळा हिस्सा मिळत असे. बांध राखणे हे स्वतंत्र काम आहे, त्याला स्वतंत्र मोल आहे, हे त्या काळच्या महसूल व्यवस्थेलाही कळत होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि मुख्य बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली.

बांधातली खरी करामत म्हणजे उघाडी. हे बांधातले एकेरी दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ते आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर जाते. वीज नाही, सेन्सर नाही, कोणी उघडायला जायला नको. आपल्या हृदयातल्या झडपा नेमक्या याच तत्त्वावर चालतात. आणि झडप गळू लागली की हृदयाचे जे होते तेच खाचराचे होते: उलट्या दिशेने पाणी आत येऊ लागते.

बांधाच्या आत पिकणारा भातही खास. राता नावाचे लाल भात खारेपाटात पूर्वापार आहे. काळा राता, भुरा राता हे त्याचे प्रकार. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारट जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. पण खारट जमीन सोसणारे भात वेगळे आणि दिवसातून दोनदा समुद्राच्या पाण्यात बुडणारे भात वेगळे. दुसऱ्या प्रकारचे भात अजून कोणी काढलेले नाही.

बांधाला भगदाड पडले की त्याला इथे खांड म्हणतात. कारणे अनेक: खेकड्यांची बिळे, उघाडीचे कुजलेले लाकूड, वेळेवर न झालेली दुरुस्ती, एखादे मोठे उधाण आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस. धरमतर खाडीतून मालवाहू बार्जेस ये-जा करतात, त्यांच्या लाटांनी बांध झिजतात अशीही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. खांड पहिल्या दिवशी चार-पाच हात रुंद असते. दर भरतीला पाणी आत शिरते आणि दर ओहोटीला वेगाने बाहेर पडताना कडा कापत जाते. पंधरा दिवसांनी पुढचे उधाण येते तोवर ती बुजवली नाही, तर पुढे यंत्रे लावूनही बुजत नाही. म्हणूनच पूर्वी खांड पडली की गावकी रात्रीसुद्धा घमेली घेऊन बाहेर पडत असे. अर्ज करायची आणि मंजुरीची वाट पाहायची सोय तेव्हा नव्हती, हे एका अर्थी बरेच होते.

खांड बुजली नाही तर पुढे काय होते, ते निसर्गशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे आहे. मिठाने पहिल्या वर्षी भात जाते, मग बांधावरचे गवत जाते. भरतीच्या पाण्याबरोबर तिवराची बिया-रोपे तरंगत आत येतात. तिवर हे झाड कमालीचे हुशार आहे. मुळांतून शिरणारे बरेचसे मीठ ते बाहेरच अडवते, उरलेले पानांवाटे टाकून देते, आणि चिखलात हवा नसते म्हणून बोटांएवढी श्वसनमुळे वर काढते. काही वर्षांत जिथे भात होते तिथे कांदळवन उभे राहते.

आता वर जाऊ. उपग्रहाला कांदळवन फार सहज ओळखता येते. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवते. ओल्या चिखलावर उभी असलेली, बारमाही हिरवी, भरतीच्या पट्ट्यातली झाडी असा तिहेरी ठसा मिळाला की संगणक तिथे कांदळवनाचा रंग भरतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी असा हिशेब देते. २०१९ च्या अहवालात महाराष्ट्रात सुमारे ३२० चौरस किलोमीटर कांदळवन होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा रायगडचा होता. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली आणि उपग्रहाच्या साह्याने नकाशे करायला सांगितले. २०१८ च्या निकालात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की मालकी कोणाचीही असो, कांदळवनाची जमीन सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या पहिल्या, सर्वांत कडक वर्गात मोडते. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो.

हा निकाल आवश्यक होता, याबद्दल शंका नको. कांदळवन नसते तर मुंबई-नवी मुंबईच्या खाड्या केव्हाच भरावाखाली गेल्या असत्या, आणि माशांची पिल्ले, कोळंबी, चिंबोऱ्या यांची पाळणाघरेही गेली असती. तिवरांची दाट रांग लाटेचा जोर मोडते. खारबांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवर असेल तर बांधही जास्त टिकतो, हे खारेपाटातला कोणताही म्हातारा सांगेल. अडचण बांधाच्या आतल्या तिवराची आहे. सातबाऱ्यावर भातशेती, जमिनीवर कांदळवन आणि कायद्याने ते तोडायचे नाही. ज्याच्या चुकीने बांध फुटला तो कोणीही असो, जमीन मात्र शेतकऱ्याच्या हातून जाते, कागदावर ती त्याचीच राहूनसुद्धा. खांड बुजवायला जावे तर आतल्या तिवरांचे पाणी तोडल्याचा ठपका येण्याची भीती.

उपग्रह खोटे बोलत नाही. त्या दिवशी तिथे काय आहे, एवढेच तो सांगतो. तिथे आधी काय होते आणि ते का बदलले, हे त्या एका चित्रात नसते.

नकाशाच्या मापाची गोष्ट इथे येते. किनारा व्यवस्थापनाचे अधिकृत नकाशे १:२५,००० या प्रमाणात तयार होतात. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर. शाळेतली पट्टी समोर धरा. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा तिच्यावर दोन मिलिमीटर भरतो. कोळीवाड्यातली मासळी सुकवायची २० मीटर रुंद जागा एक मिलिमीटरही भरत नाही. आणि पाच-सहा मीटर रुंदीचा खारबांध? पाव मिलिमीटर. छापताना शाई जरा फुटली तरी तो गायब. पेन्सिलीच्या एका रेषेच्या जाडीवर इथे एखाद्याचे घर बांधता येईल की नाही हे ठरते. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी दोन वर्ग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, त्याखाली असेल तर २०० मीटर. पट्टीवर फरक सहा मिलिमीटर. गावात फरक अख्ख्या आळीचा.

अधिसूचनेला हे माहीत नाही असे नाही. गावपातळीसाठी मोठ्या प्रमाणावरचे, गट क्रमांक दाखवणारे नकाशे हवेत, त्यांत मासेमारीच्या जागा दाखवाव्यात, मसुद्यावर जिल्हा पातळीवर जनसुनावणी घ्यावी, असे तिच्यातच म्हटले आहे. शिवाय भारतीय सर्वेक्षण विभागाने पूर, धूप आणि समुद्राची वाढती पातळी धरून धोकारेषा आखावी अशीही तरतूद झाली. पण २०१९ मध्ये या रेषेचे स्थान बदलले. ती आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यासाठी वापरायची, किनारा नियमनाची हद्द ठरवायला नाही. धोका कुठे आहे हे दाखवणारा नकाशा एकीकडे आणि बांधकाम कुठे करायचे हे सांगणारा दुसरीकडे, अशी ही वाटणी मला तरी अनाकलनीय वाटते.

यावर उपाय त्याच डिजिटल पेटाऱ्यात आहे, हे विशेष. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची चित्रे १९८४ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती कोणालाही फुकट पाहता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची चित्रे २०१५ पासून मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळही खुले आहे. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर शेत लँडसॅटच्या चित्रात साधारण अकरा ठिपक्यांचे असते; वीस गुंठ्यांचा तुकडा दोन ठिपक्यांचा. सेंटिनेलमध्ये तोच वीस ठिपक्यांचा होतो. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रे ओळीने लावली तर भाताचा पिवळसर होत जाणारा ठसा कोणत्या वर्षी बंद झाला, पाण्याचा काळा डाग केव्हा आला आणि तिवराची बारमाही हिरवळ केव्हा सुरू झाली, हे वाचता येते. खांड कोणत्या हंगामात पडली याचा पुरावा आकाशात साठवलेला आहे. तो शेतकऱ्याच्या बाजूने वापरायचा की फक्त त्याच्याविरुद्ध, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही.

माझे मत असे की खारबंदिस्तीच्या लाभक्षेत्रातल्या कांदळवनाची नोंद करताना ‘केव्हापासून’ हा एक रकाना सक्तीचा असावा. शंभर वर्षांपूर्वीचे कांदळवन आणि २००५ नंतर फुटलेल्या बांधातून आलेले कांदळवन, दोन्ही राखायला हरकत नाही. पण दुसऱ्या प्रकारात शेतकऱ्याने समाजासाठी जमीन दिली आहे, आणि दिलेल्या जमिनीचा मोबदला असतो.

ई-पीक पाहणीचा अनुभवही यालाच जोडून येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी आपले पीक स्वतः मोबाइलवर नोंदवू लागले. शेतात उभे राहायचे, फोटो काढायचा, फोन आपले ठिकाण टिपतो. कल्पना चांगली आहे. पूर्वी घरबसल्या लिहिल्या जाणाऱ्या पीकपाण्यापेक्षा कितीतरी चांगली. पण ज्याच्या खाचरात गुडघाभर खारे पाणी आहे त्याने कशाचा फोटो काढायचा? नोंद होते ‘पड’. पड का पडली, ती कहाणी त्या एका शब्दात मावत नाही. लागोपाठ काही वर्षे पड लागली की पुढे कोणी जमीन पाहायला आले तर त्याला ती पडीकच दिसते. आणि जमीन पाहायला येणारे आता पुष्कळ आहेत. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे काम पुढे सरकते आहे, विमानतळ उंबरठ्यावर आला. अशा वेळी सातबाऱ्यावरचा एकेक शब्द पैशांत मोजला जातो.

मोजमापाचे एकक चुकले की काय होते, याचा धडा रायगडला ३ जून २०२० रोजी मिळाला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे वादळ धडकण्याची १८९१ नंतरची ही पहिलीच वेळ. हवामान खात्याचा अंदाज नेमका होता, हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलवली गेली. इथपर्यंत विज्ञान जिंकले. दुपारनंतर विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मनोरे मुके झाले आणि काही गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ज्या फोनवर इशारा आला त्याच फोनवरून ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढे मुंबईच्या लेकाला कळवता येईना. चक्रीवादळ धोका निवारणाच्या राष्ट्रीय प्रकल्पात अलिबाग शहराच्या वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्याचे काम होते. ते का हवे होते हे त्या आठवड्यात वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मग पंचनामे आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, नागाव, चौल इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीची झाडे पन्नास-साठ वर्षे जगणारी, आज्याने लावलेली आणि नातवाने तोडलेली. फळबागेसाठी भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार रुपये. हेक्टरचे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी पूर्ण आडवी झालेल्या कुटुंबाच्या वाट्याला ५ हजार. एका गुंठ्यात सुपारीची दहा-बारा झाडे सहज असतात आणि नवे झाड लावून पहिले पीक यायला सहा-सात वर्षे जातात. लोकांनी ओरड केल्यावर सरकारने नारळ-सुपारीसाठी झाडागणिक भरपाईचा निर्णय घेतला. आकडा पुरेसा होता की नाही यावर वाद होऊ शकेल, पण एकक बरोबर झाले. विदर्भातल्या कापसाला जे माप लागू पडते ते कोकणच्या वाडीला लागू पडत नाही, एवढे साधे होते ते.

हीच गोष्ट दिल्लीच्या पातळीवरही दिसते, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. नीती आयोगाचा शाश्वत विकास निर्देशांक २०१८ पासून निघतो. २०२३-२४ च्या आवृत्तीत देशाला १०० पैकी ७१ गुण आहेत. २०१८ मध्ये ५७ होते. संयुक्त राष्ट्रांच्या १७ उद्दिष्टांपैकी चौदावे आहे समुद्र आणि त्यातले जीवन. पण राज्याचे एकूण गुण काढताना हे चौदावे उद्दिष्ट धरले जात नाही. कारण सरळ आहे: समुद्र फक्त नऊ राज्यांना आहे, इतरांशी तुलना कशी करणार? संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णय योग्यच. परिणाम मात्र असा की मासळी कमी झाली, खाडी गढूळ झाली, किनारा खचला तरी महाराष्ट्राच्या एकूण गुणांत त्याने दशांशाचाही फरक पडत नाही. जे गुणपत्रिकेत मोजले जात नाही त्या विषयाचा अभ्यास कोणता विद्यार्थी करतो?

आता पाण्याकडे वळू, कारण बांधाचा आरोग्याशी संबंध विहिरीतून येतो. समुद्रकाठच्या पुळणीवरच्या विहिरींना गोडे पाणी लागते, याचे नवल पर्यटकांना वाटते. पावसाचे गोडे पाणी हलके, समुद्राचे जड. म्हणून गोड्या पाण्याची भिंगासारखी थाळी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी जितके मीटर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत ते खाली असते. ऐकायला छान वाटते, पण हिशेब उलटाही चालतो: पंपाने पातळी एक मीटर उतरवली की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू पाहते. अलिबाग, आक्षी, नागाव, चौलच्या वाड्यांत पूर्वी रहाट चालत. बैलाच्या चालीने पाणी उपसले जाई आणि विहिरीला भरायला वेळ मिळे. त्याच पुळणीवर आता बंगले, रिसॉर्ट आणि पोहण्याचे तलाव आहेत. पेणच्या खारेपाटात तर चिकणमाती आणि खाडी यांमुळे गोड्या पाण्याची मुळातच वानवा. वाशी-शिर्कीच्या पट्ट्यातल्या बायकांच्या उन्हाळ्यातल्या पायपिटीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते, हेही आपण वाचलेले असते. दोन्ही बातम्या सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे विहिरीच्या शंभर तांब्यांत जेमतेम दीड तांब्या समुद्र मिसळला तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते. पाणी मचूळ लागते, चहा बिघडतो, डाळ शिजत नाही. पण शरीराला सवय होते आणि धोका तिथेच आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांची सवलतीची कमाल मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम आहे. क्षार समुद्रातून आलेले असतील तर त्यांतले बहुतेक साधे मीठच. असे तीन लिटर पाणी प्यायले की पाच ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी, जेवणासकट, याहून कमी मीठ सांगितले आहे. आपल्या किनाऱ्यावर तर ताटात सुकट-बोंबील आणि लोणचे असतेच.

याचा परिणाम काय होतो ते बांगलादेशात पाहिले गेले आहे. खुलना जिल्ह्यातल्या दाकोप या किनारी भागात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांमधील रक्तदाबाच्या तक्रारी पावसाळ्यापेक्षा कोरड्या मोसमात जास्त आढळल्या, आणि कोरड्या मोसमात तिथले पिण्याचे पाणी कितीतरी जास्त खारट असते. ते निष्कर्ष जसेच्या तसे रायगडला लावता येणार नाहीत. तिथली जमीन, आहार, पाणी साठवण्याची पद्धत वेगळी. पण प्रश्न विचारायला तेवढे कारण पुरेसे आहे. उत्तर शोधण्याची सामग्री आपल्याकडे आहे, फक्त ती वेगवेगळ्या कपाटांत आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अंकी ‘भू-आधार’ मिळतो आहे, माणसाच्या आरोग्य नोंदीला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाचे आकडे आहेत, पाणी तपासणीचे आकडे दुसऱ्या खात्यात आहेत, फुटलेल्या बांधांची यादी तिसऱ्या. व्यक्तीची माहिती एकमेकांना जोडण्याचे काही कारण नाही, तसे करूही नये. गावाची सरासरी जोडली तरी पुरे: या गावात मे महिन्यात क्लोराइड किती, गरोदर बायकांत रक्तदाब किती जणींना, आणि जवळचा बांध किती वर्षे फुटलेला आहे.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हा माणशी रोज ५५ लिटर पाणी प्रत्येक घरात नळाने, असे ठरले. डॅशबोर्डवर नळजोडण्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. नळाला किती महिने पाणी येते आणि मेमध्ये ते कसे लागते, हे इतक्या मोठ्या अक्षरांत दिसत नाही.

सलग नोंदीचे मोल काय असते, हे सांगायला रायगडमध्येच एक जागा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई बिथरणार हेही ठरलेलेच होते. मग ट्राम धावण्याची वाट न पाहता १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी बिनचूक सांधता यावी. ट्राम १९०७ मध्ये आली. आज ती ट्राम नाही. वेधशाळेच्या नोंदी मात्र चालू आहेत आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्या वापरतात. विकासाचा प्रकल्प कशाला धक्का लावणार याचा आधी विचार, धक्का बसण्यापूर्वी पर्यायी सोय आणि जुन्या-नव्याची सांधजोड. एकशे वीस वर्षांपूर्वी कागदावर केलेले ते काम आजच्या कोणत्याही ‘स्मार्ट’ आराखड्याच्या तोंडात मारील.

खारबांधाच्या उंचीची अशी सलग नोंद हवी आहे, कारण समुद्र स्थिर नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. तीस वर्षांत ती दहा सेंटिमीटर होते, म्हणजे चार इंच. बांधाचा माथा मोठ्या उधाणाच्या वर फूटभर असेल तर त्यातला तिसरा हिस्सा समुद्राने आपोआप खाल्ला. मातीचा बांध स्वतःच्या वजनाने बसतो ते वेगळेच. ड्रोनने आणि उपग्रह-आधारित जीपीएस यंत्राने बांधाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येते. गावठाणातली घरे मोजायला ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोन गावोगाव फिरलेच आहेत. गावठाणाच्या हद्दीबाहेर, आणखी हजारभर पावलांवर बांध असतो.

कोळ्यांना आणि खारेपाटातल्या शेतकऱ्यांना भरतीची वेळ काढायला अॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झाले: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती. रोज सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकणारा चंद्र या पाऊणपटीत बसवलेला आहे. अशा माणसांना जनसुनावणीत समोर नकाशा ठेवला तर चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येते, अट एवढीच की नकाशा मराठीत आणि गट क्रमांकांसह असावा. मसुदा नकाशावर हरकत घ्यायची असेल तर सोबत काय न्यावे, हेही सांगतो: जुने हस्तलिखित सातबारे ज्यात भाताची नोंद आहे, खांड पडल्याचे खात्याला दिलेले अर्ज आणि त्यांच्या पोहोचपावत्या, फोनने ठिकाणासह काढलेले बांधाचे फोटो, आणि वर सांगितलेली वर्षावर्षांची उपग्रहचित्रे. शेवटचे काम गावातला दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी एका रविवारी करू शकते.

पाण्याचे काम तर त्याहून सोपे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे. संचात क्लोराइडची चाचणी असते; थेंब मोजत रंग बदलण्याची वाट पाहायची, पाच-दहा मिनिटांत उत्तर. मात्र ती पावसाळा संपताना करून भागणार नाही. ऑक्टोबरमध्ये खारेपाटातली विहीरही गोड असते. एकदा ऑक्टोबरमध्ये, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा मेच्या अमावास्येच्या उधाणानंतर, त्याच विहिरीचे, त्याच वहीत.